जिन्याखालचं वजन

आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जवळा निवडणं. गॅलरीत पेपर पसरलेला, मधे जवळ्याचा ढीग, एका बाजूला तू, एका बाजूला मी. काड्या, शिंपल्यांचे तुकडे, बारके खडे वेचून टाकायचे. मी निवडलेला जवळा तू पुन्हा निवडत होतीस. माझ्या डोळ्यांवर तुझा भरवसा कधी नव्हताच. समोर कॉलेजात ब्रेकर चालू होता. वरचे मजले उतरवून झालेले, नुसत्या सळया उभ्या. धूळ उडून आपल्या जवळ्यावर येत होती आणि तू ती फुंकत होतीस.

फुंकता फुंकता म्हणालीस, "आता जिना पाडतील. त्याच्या आधी जा आन् त्याला घरी घेऊन ये."

"कोणाला?"

"तुला माहीत नाय कोणाला?"

"वजनाला? मी आता हमाल राहिलो नाही."

"वजन म्हनू नको त्याला."

"वजनाला वजन नाही तर काय पाटील म्हणू?"

तू हातातला खडा मला फेकून मारलास. नेम चुकला, खडा चहाच्या कपात पडला. हसलीस नाहीस. "मेल्या, एवढं एक काम सांगते तर..." म्हणालीस आणि वाक्य अर्धं ठेवून उठलीस. पाठ भरून आलीय, जरा पडते, म्हणालीस. जवळा अर्धा तसाच.

मग उठली नाहीसच.

भांडण अर्धं टाकून जायची तुझी सवय जुनी. पण आजवर तू स्वयंपाकघरापर्यंत जायचीस आणि भांडी आपटून परत यायचीस. ही कुठली रीत काढलीस नवीन? मी रागावलोय, हे आधीच लिहून ठेवतो. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. ज्यांची बायको घरात आहे ते म्हणतात. मी चौथी शिकलेला माणूस, मला गोड लिहिता येत नाही. तू मला सगळ्या गावासमोर अरे-तुरे करायचीस, तेव्हा मीही तुला सरळच बोलणार.

तुला पोचवायला जायच्या आधी कॉलेजचे प्रिन्सिपल आलेले. मोठा हार घेऊन. सोबत दोन मॅडम, एक फोटो काढणारा. मला म्हणाले, "काका, मावशी म्हणजे आमच्या इमारतीचा खांब होत्या."

मी म्हटलं, "खांबच पाडायला काढलेत ना तुम्ही?"

सुनंदाने माझा हात दाबला. बाबा, गप्प बसा. मी गप्प बसलो, कारण पोरगी रडत होती. पण हार त्यांना तुझ्या गळ्यात घालू दिला नाही. पायाशी ठेवा म्हटलं. ठेवला.

जाता जाता एक मॅडम सांगून गेल्या की नवीन इमारत झाली की कॉलेज पुस्तक काढणार आहे, इमारतीच्या इतिहासाचं. मावशींवर एक पान देऊ. मला माहीत आहे त्यांचा इतिहास. पहिल्या पानावर संस्थेच्या मालकांच्या वडिलांचा फोटो. खाली लिहिलेलं असेल की इथे नुसतं रान होतं आणि त्यांनी ज्ञानाचा दिवा लावला. म्हणून मी लिहितोय. रान नव्हतं तिथे. मिठाचं कोठार होतं. आपण दोघं त्याच्यात होतो.

तेव्हा कोलशेतच्या खाडीपासून रस्त्यापर्यंत मिठाचं आगर होतं. वाफ्यांतून मीठ ओढायचं, ढीग करायचे, टोपल्या भरून कोठारात आणायचं. कोठाराच्या भिंती हातभर जाड, वर कौलं, दार एवढं मोठं की बैलगाडी आत यायची. दाराशी काटा टांगलेला. एका पारड्यात टोपली, दुसऱ्या पारड्यात दगडी वजन. काळा दगड, वर लोखंडी कडी. मी काट्यावर होतो. दिवसभर ते वजन उचल, ठेव, उचल, ठेव. एका हाताने उचलायचो मी. तू पहिल्यांदा टोपली घेऊन आलीस, चौदा-पंधराची असशील, पायाला मिठाने भेगा पडलेल्या. टोपली पारड्यात टाकलीस, काट्याकडे बघितलंस आणि माझ्याशी पहिलं वाक्य बोललीस.

"तुझा काटा खोटा हाय."

लोक लग्न ठरताना काय काय गोड बोलतात. मला तू हे बोललीस. काटा खरा होता. हे मी तुला लग्नानंतरही सांगितलं, सुनंदा झाल्यावरही सांगितलं, तू एकदाही मानलं नाहीस.

आगराच्या बांधावर राखण्या होता. आता आमच्या गावातल्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या लोकांना राखण्या म्हणजे काय ते सांगावं लागतं. जागेची राखण करणारा देव. मूर्ती नाही, नाव नाही, शेंदूर लावलेला दगड. हंगाम सुरू व्हायच्या आधी त्याला कोंबडा आणि नारळ द्यायचा, मग कामाला हात लावायचा. नाही दिलं तर बांध फुटतो, भरतीचं पाणी आत येतं. तुझा बाप दर सालाला राखण द्यायचा. मीही त्या कोंबड्याचं मटण खाल्लंय, खोटं कशाला बोलू.

मग आगर बंद पडलं. कोठार रिकामं पडलं. मग संस्थेवाले आले. गावातल्या चार शहाण्यांना देवळात बसवून सांगितलं की कोठाराची जागा द्या, इथे शाळा करू, पुढे कॉलेज करू, गावातल्या पोरांना पहिली जागा, गावातल्या बायामाणसांना काम. शहाण्यांनी माना हलवल्या. जमीन सपाट करायला गाडी आली आणि बांध ढकलून दिला. राखण्या त्या मातीबरोबर भरावात गेला. मी स्वतः नाही बघितलं, पण बांधच गेला तर तो काय हवेत राहणार होता?

तू दोन दिवस त्या भरावात फिरत होतीस, हाताने माती उकरत. आठवतंय मला. आणि मग एका दुपारी पळत आलीस. "सापडला! सापडला! चालत कोठारात गेलाय!"

मी बघायला गेलो. कोठाराच्या दाराशी, कोपऱ्यात, जमिनीत अर्धा रुतलेला काळा दगड. गवंड्याने भोवती कोबा करून टाकलेला. बघताक्षणी मी ओळखला. आपल्या काट्याचं वजन. गवंड्याने खड्डा बुजवायला घातलं असणार, उलटं, कडी खाली करून. ज्या दगडाला मी इतकी वर्षं हात लावला तो मी ओळखणार नाही? मी तुला तिथेच म्हटलं, "अगं, हे वजन आहे. खाली कडी असेल बघ."

तू शेंदूर लावत होतीस. वर न बघता म्हणालीस, "आसंल. कडी त्याने कानात घातली आसंल."

तिथून आपलं भांडण चालू झालं ते परवा कपात खडा पडला तोवर.

त्या दगडावर त्यांनी जिना बांधला. कोठाराची शाळा झाली. भिंती त्याच, मधे पडद्यांसारख्या दुसऱ्या भिंती. मग शाळा मागे सरकली आणि कॉमर्सचं कॉलेज आलं. कौलं काढली, स्लॅब टाकला, वर मजला, मग आणखी मजला. बोर्डावरचं नाव बदललं. मग मालकांचे वडील वारले तेव्हा परत बदललं. मग पुढे काचा लावल्या आणि इमारतीचा कॅम्पस झाला. आत मॅनेजमेंट आलं, कसले कसले कोर्स आले, बापाच्या खिशाला भोक पाडणारे. प्रत्येक वेळी एकदा फीत कापायची, एकदा नारळ फोडायचा. आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर भिंतींना लोणा धरायचा. कितीही रंग मारा, खालून पांढरी पूड बाहेर यायची. आगराचं मीठ त्या भिंतींनी पिलेलं, ते कुठे जाणार? तू सकाळी झाडताना ती पूड बोटावर घ्यायचीस, जिभेला लावायचीस आणि घरी येऊन मला सांगायचीस, "आजून आपलंच हाय."

हे तू सांगायचीस तेव्हा मला बरं वाटायचं. तुला सांगितलं नाही कधी.

तुला तिथे झाडायचं काम मिळालं. मी आगर गेल्यापासून घरी बसलेलो, कोणी कामाला घेत नव्हतं, मीठ उचलणाऱ्याला दुसरं काय येतं? तू सकाळी जायचीस, आम्हाला खायला घालायचीस, तोंडातून एक शब्द काढला नाहीस की मी कमावते आणि हा बसून खातो. पुढे मला कंपनीत वॉचमनचं काम लागलं तेव्हाही नाही. भांडायला तुला हजार कारणं होती, हे एक कारण तू कधी वापरलं नाहीस. एवढं मी मानतो. बाकी काही मानत नाही.

सुनंदाचं तर नाहीच.

पोरगी बारावी झाली. गावातल्या पोरांना पहिली जागा म्हणाले होते ना? आपण दोघं तिला घेऊन गेलो. ऑफिसबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसवलं. आपल्या मागून आलेले आत जाऊन हसत बाहेर येत होते. ज्या कोपऱ्यात बाक होता तिथेच माझा काटा टांगलेला असायचा. माझ्याच जागेवर मला बसवून ठेवलं. संध्याकाळी क्लार्क बाहेर आला आणि म्हणाला, सीटा भरल्या. मी म्हटलं, गावाची जागा? तो म्हणाला, कुठलं गाव?

मी तिथेच, त्या दारात, शपथ घेतली. या उंबऱ्याच्या आत परत पाय टाकणार नाही. पोरगी मग डोंबिवलीच्या कॉलेजला गेली, रोज कोलशेतवरून ठाणे, ठाण्यावरून डोंबिवली. शिकली. तिथलंच सासर मिळालं. चांगलं झालं तिचं. पण तू काय केलंस? दुसऱ्या दिवशी सकाळी केरसुणी घेतलीस आणि त्याच ऑफिसात झाडायला गेलीस.

मी ओरडलो तुझ्यावर. सगळ्या चाळीने ऐकलं. "लाज नाही का तुला? आपल्या पोरीला बाकावरून उठवलं त्यांचा केर काढतेस?"

तू शांतपणे पायात चप्पल सरकवलीस. "मी त्यांचा केर नाय काढत. मी राखण्याच्या पुढ्यातला केर काढते. त्यांचा मधे येतो, तो बी काढते."

याला काय उत्तर देणार? आजही सुचलेलं नाही. पण उत्तर सुचलं नाही म्हणजे तू बरोबर होतीस असं नाही. तुझं ते काम मला शेवटपर्यंत पटलं नाही आणि आता तू नाहीस म्हणून पटवून घेणार नाही.

मी आत गेलो नाही, पण तुझं काम सुटायच्या वेळी गेटबाहेर उभा राहायचो. ऊन असो, पाऊस असो. तू यायचीस, म्हणायचीस, "आत सावली हाय, बाहेर कशाला भाजून घेतोस?" मी म्हणायचो, "तुझ्या मालकांची सावली मला नको." मग दोघं घरी. पुढे माझी कंपनीतली पाळी बदलली, तरी मी पाळी संपवून धावत यायचो. कशाला, ते तू विचारलं नाहीस, मी बोललो नाही.

आणि तुझा तो देव! परीक्षा आली की पोरं जिन्याखाली रांग लावायची. मावशी, एवढा सब्जेक्ट सुटू दे. तू त्यांच्याकडून नारळ घ्यायचीस, चढवायचीस, घरी आणायचीस. मी म्हणायचो, "मिठाच्या वजनाच्या पाया पडून पास होतात, असलं शिक्षण." तू माझ्या ताटात नारळ घातलेलं कालवण वाढायचीस आणि म्हणायचीस, "वजनाचा परसाद बरा गिळतोस." पोटभर गिळला. वर्षानुवर्षं.

तर तुला पोचवून आलो. रात्रभर घर माणसांनी भरलेलं. कोण काय बोललं ते आठवत नाही. सकाळी तोंड धुवायला उठलो आणि ब्रेकर चालू झाला. धडधड धडधड. मला वाटलं एक दिवस तरी थांबतील. हार घेऊन आलेले ना? खांब म्हणाले ना? गॅलरीत गेलो. जवळ्याचा पेपर अजून तिथेच होता, कोणी उचलला नव्हता. समोर बघितलं. जिन्याच्या वरच्या पायऱ्या गेलेल्या.

मी चपला घातल्या.

तुझा भाऊ गजानन दारात आडवा आला. "भावजी, कुठे?"

"कॉलेजात. तो दगड आणायला."

"डोकं फिरलं काय? कालचं सुतक. देवाला हात लावायचा नाय. दहावं-बारावं होऊ दे, मग आपण सगळे जाऊ."

"बारावं होईपर्यंत तो दगड डंपरमधून भिवंडीला जाईल."

"तरी सुतकात देवाला..."

"देव नाही तो," मी म्हटलं. "वजन आहे. माझ्या काट्याचं वजन. वजनाला कसलं सुतक?"

गजाननच्या मागे सुनंदा उभी होती. रडून डोळे सुजलेले, पण ती हसली. खरंच हसली. म्हणाली, "मामा, जाऊ द्या त्यांना. घरात त्यांच्याशिवाय कोणाला हात लावता येणार नाही त्याला."

कळलं का तुला? इतकी वर्षं तू माझ्याशी भांडलीस की देव म्हण, देव म्हण. म्हटलं असतं तर मी पण आज गजाननसारखा हात बांधून दारात उभा असतो.

गेटवर नवीन सिक्युरिटीवाला. "बाबा, अंदर काम चालू है, अलाऊड नहीं है." मी म्हटलं, माझी बायको इथे कामाला होती, काल गेली, तिची वस्तू आत आहे. त्याने माझ्याकडे बघितलं. "मावशी?" म्हणाला. "वो झाडूवाली मावशी?" मी मान हलवली. त्याने स्वतःच्या डोक्यावरची पिवळी टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली आणि बाजूला झाला.

माझ्या शपथेचं म्हणशील, तर तोंड उघडू नको. दाराशी गेलो तर उंबरा नव्हता. उखडून टाकलेला. ज्याच्यावर शपथ घेतली तो उंबराच त्यांनी फेकून दिला, तर मी काय मोडलं? काही मोडलं नाही.

आत काचा नाहीत, फरशा नाहीत, मधल्या भिंती पाडलेल्या. रंगाचे सगळे थर पडून गेलेले आणि खाली जुनी जाड भिंत उघडी. कोठार परत कोठार झालेलं. मी काटा कुठे होता, टोपल्या कुठून यायच्या, सगळं बघितलं. भिंतीवर लोणा होता. मी बोट लावलं आणि जिभेला लावलं.

सांगत नाही तुला. तुला माहीत आहे.

जिन्याखाली तो होता. तुझा शेंदूर, थरावर थर, धुळीने भरलेला. गेल्या आठवड्यातलं सुकलेलं फूल. दोन कामगार होते, बंगाली असतील. मी खुणेने सांगितलं, हा काढून द्या. त्यांनी पहारीने भोवतीचा कोबा फोडला. हळूहळू हलला. मी वाकलो, एका हाताने उचलायला गेलो. तसूभरही वर आला नाही. म्हातारा झालोय हे मला तुझ्या चितेपाशी कळलं नव्हतं, तिथे कळलं.

दोघांनी तो अर्धा बाहेर ओढला. एकजण म्हणाला, "चाचा, इसको उल्टा करते हैं. पकड़ने को आसान जाएगा."

"उलटा करायचा नाही!"

माझा आवाज केवढा आला ते मलाच कळलं नाही. ब्रेकरवाला थांबला. गेटवरचा पळत आला. मी परत म्हटलं, हळू, "उल्टा नहीं. सीधा. जैसा है वैसा." त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं देवाचं काहीतरी असेल. वाटू दे. त्यांनी खालून गोणपाट घातलं आणि तसाच उभा उचलला. हातगाडीवर ठेवला. मी गाडीच्या बाजूने चाललो, रस्त्याच्या कडेने, एक हात त्याच्यावर ठेवून. कॉलेजची पोरं फाटकाशी उभी होती, फोन काढून. एकाने फोन खिशात टाकला आणि मागून गाडीला धक्का दिला.

आपल्या चाळीच्या जिन्याखाली स्कूटरी उभ्या असतात. एकेकाला खाली बोलावून काढायला लावल्या. कोपऱ्यात ठेवला, गोणपाटासकट. गजानन वरून, कठड्यावरून वाकून बघत होता. खाली यायची हिंमत नाही, सुतकाला भितो.

"भावजी," म्हणाला, "बघितलंत का खाली? कडी हाय काय?"

मी म्हटलं, "तू तुझं काम कर."

शेंदूर लावला नाही. नारळ फोडला नाही. ते तुझं काम, माझं नाही, आणि मी करणार पण नाही. वर आलो, दारामागची तुझी केरसुणी घेतली, परत खाली गेलो. गाडीबरोबर सगळी सिमेंटची धूळ आलेली, सुकलेल्या फुलाचा चुरा, शेंदराची ढलपी. खाली बसून सगळं झाडून घेतलं, कोपऱ्यापर्यंत.

वजनाच्या पुढ्यातला केर काढला, गो. वजनाच्या.